गुलाबी ज्वारीच्या घुगऱ्या

आमच्या गावात पेरणी संपली की पेरणारीच्या ओटीत उरलेलं बी तिचं असे. हे कधी ठरलं, कोणी ठरवलं, मला माहीत नाही. पाटलांना विचारलं तर ते म्हणत, पहिल्यापासून आहे. माय म्हणे, "आमच्या हातानं वावर पेरलं जाते. मंग आमची ओटी रिकामी कशी जाईन?"

मेडशीच्या रस्त्यावर एसटीतून उतरायचं आणि गाडीवाटेनं आत चालत जायचं, असं आमचं गाव. पाटलाच्या वावरात बाबा तिफण हाकत आणि माय मागे सरता धरून चाले. सरता म्हणजे वर लाकडी वाटी असलेली बांबूची पोकळ नळी. ती दोरीनं तिफणीला बांधलेली असते. एका हातानं ती सरळ धरायची, दुसऱ्या हातानं ओटीतलं बी काढून सारखं सोडत बैलांच्या चालीनं चालायचं. बी दाट पडलं तर पुढे विरळणीचं काम वाढतं, पातळ पडलं तर वावराला टक्कल पडतं. मायचा हात सारखा होता. त्यामुळे पेरणीच्या दिवसांत तिला बोलावणं येई, तिला कुणाकडे काम मागायला जावं लागत नसे.

शेवटचं तास, म्हणजे पेरणीची शेवटची ओळ, संपलं की ती सरता सोडून ठेवी, ओटीची गाठ घट्ट करी आणि घरी येई. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बियाच्या घुगऱ्या शिजत. मीठ, थोडं तिखट, असला तर गूळ. वस्तीतली सगळी पोरं ताटल्या घेऊन आमच्या दारात बसत. माय पळीनं वाढताना पोरांना दटावी, "अबे, नाक पूस आंधी, मंग ताटली पुढं कर." त्या एका सकाळपुरती ती वस्तीची पाटलीण असे.

आमची वस्ती बौद्धांची. माझ्या जन्माच्या पुढेमागे मोठ्या माणसांनी धर्म बदलला आणि त्याबरोबर दारोदार भाकर मागणं सोडलं. ते मागणं मी पाहिलेलं नाही, नुसतं ऐकलेलं आहे. मायनं ते केलेलं होतं. लहानपणी तिच्या डोक्यावर टोपलं असे आणि ती आपल्या मायमागे पाटलांच्या दारांवरून फिरत असे. त्याबद्दल ती कधी बोलत नसे. फक्त ओटीतल्या बियाबद्दल कुणी काही म्हटलं तर ती पटकन बोले, "हे मांगतलेलं नाई. हे कामाचं हाय." मी हे वाक्य लहानपणापासून ऐकत होतो. त्याचा अर्थ मला कळतो असं मला वाटत होतं.

आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे जाणारा मी पहिलाच. वाशीमला कॉलेजात जाऊ लागलो. पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन उन्हाळ्यात घरी आलो, तेव्हा पाटलानं पहिल्यांदाच सगळ्या वावरात हायब्रीड ज्वारी पेरायची ठरवली होती. दुष्काळ नुकताच सरला होता. सगळ्यांना दाणा पाहिजे होता, आणि हायब्रीडला दाणा फार येतो असं सगळे सांगत होते.

हे बी गुलाबी होतं. टोपल्यात घालून ते वावरात आलं तेव्हा बाया हसल्या. माय म्हणाली, "सरकारनं बियाण्यासंग रंग खेळला वाट्टे." पाटील तिथंच उभा होता. तो म्हणाला, "किडीचं औषध लावेल हाय त्याले. घरी गेल्यावर हात धुवा बरं सगळ्याजनी." एवढं त्यानं सांगितलं होतं, हे मला प्रामाणिकपणे लिहिलं पाहिजे. ओटीतलं बी घरी नेऊ नका, असं तो म्हणाला नाही. ते त्याच्या मनातही आलं नसावं. कुणाच्याच आलं नाही. औषध किडीचं होतं, आणि किडीचं औषध किडीसाठी असतं.

पेरणी संपली. मायनं उरलेलं बी आणलं आणि धुतलं. पाणी आधी लाल झालं, मग गुलाबी, मग पांढरं. पांढरं झाल्यावरही तिनं आणखी एकदा धुतलं. सकाळी घुगऱ्या शिजल्या, पोरं आली. मी पण मूठभर खाल्ल्या. किंचित कडवट लागल्या. हायब्रीडची चव अशीच असेल असं म्हणून आम्ही वर गूळ घेतला.

माझी मोठी बहीण तेव्हा बाळंतपणासाठी माहेरी आली होती. तिची थोरली मुलगी, माझी भाची, चार-पाच वर्षांची होती. आजीची लाडकी. सगळी पोरं गेल्यावर मायनं मडक्याच्या बुडाशी राहिलेल्या घुगऱ्या तिच्या पुढ्यात ठेवल्या आणि ती दारात बसून एकेक दाणा वेचून खात राहिली.

दुपारपर्यंत वस्तीतल्या बऱ्याच पोरांना मळमळलं, दोघातिघांनी ओकून टाकलं आणि ती पुन्हा खेळायला गेली. माझी भाची मात्र उठेना. तोंडातून लाळ गळत होती. ओकाऱ्या थांबत नव्हत्या, आणि थांबल्या तेव्हा तिनं मान टाकली. बहीण ओरडली. मी पाटलाकडे पळत गेलो. त्यानं काही विचारलं नाही. स्वतः बैल जुंपले आणि गाडीवाटेनं असे हाकले की गाडी दोनदा कलंडता कलंडता राहिली. रस्त्यावर एक ट्रक मिळाला आणि आम्ही जवळच्या मालेगावला पोचलो.

दवाखान्यात डॉक्टरांनी काय खाल्लं ते विचारलं. बहिणीनं पदरात बांधून आणलेल्या घुगऱ्या दाखवल्या. त्यांनी एक दाणा अंगठ्यानं चिरडून पाहिला.

"हे पेरायचं बी आहे. खायचं नाही."

माय म्हणाली, "म्या धुतलं होतं साहेब. पानी पांढरं येईपर्यंत धुतलं."

"बाई, तुम्ही रंग धुतला. विष दाण्यात मुरलेलं असतं."

माय तिथंच भिंतीला टेकून खाली बसली. भाचीच्या पोटात नळी घातली, सुया दिल्या. दुसऱ्या दिवशी तिनं डोळे उघडून पाणी मागितलं. काही दिवसांनी आम्ही तिला घरी आणलं. आता ती शाळेत जाते, चांगली आहे. पण तेव्हा ती जगते की नाही हे आम्हांला माहीत नव्हतं, आणि ते दिवस मायनं काही न खाता काढले. बहीण तिला एका शब्दानं काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं मला अजूनही वाटतं.

गावी परतलो तर पाटलाचा सालदार गडी भुरभुर पावसात वाटेवर भेटला. डोक्यावरून त्यानं पोत्याची खोळ घेतली होती. मी पाहिलं, तर ते बियाचंच पोतं होतं. मागच्या बाजूला कवटी आणि दोन हाडं छापलेली, खाली इंग्रजीत बारीक मजकूर. मी त्याला थांबवलं आणि त्याच्या पाठीमागे उभा राहून वाचलं.

"काय लिवलं बे?" त्यानं विचारलं.

"हे विष आहे. खाऊ नका. जनावरांना घालू नका. लहान पोरांपासून दूर ठेवा."

त्यानं खोळ काढली, उलटीसुलटी पाहिली, थोडा वेळ भिजत उभा राहिला. मग म्हणाला, "डोस्क्याले त नाई लागत नं?" आणि पुन्हा डोक्यावर घेतली.

तिथं मला पहिल्यांदा वाटलं की यात काहीतरी करता येईल. सूचना होती, पण ती पोत्यावर होती, आणि पोतं पाटलाच्या घरीच राहिलं. वावरात आलं ते टोपलं. जिच्या हातातून बी जाणार होतं तिच्यापर्यंत सूचना पोचलीच नाही, आणि पोचली असती तरी ती इंग्रजीत. शहरात बसून पोत्यावर कवटी छापणाऱ्या माणसाला वाटलं असेल की त्यानं आपलं काम केलं. आमच्या गावात पेरणारीची ओटी भरते आणि त्यातून घुगऱ्या होतात, हे त्याला कोण सांगणार? मला वाटलं, हे सांगायचं काम माझं आहे. वस्तीत इंग्रजी वाचणारा मीच होतो.

मी ग्रामसेवकांना भेटलो. ते म्हणाले, पंचायतीच्या सभेत मांड. सभेत मी उभा राहिलो. माझ्यासारखा पोरगा त्या सभेत बोलायला उभा राहण्याची ती पहिलीच वेळ असेल. मी तीन गोष्टी सांगितल्या. औषध लावलेलं बी वावरात न्यायच्या आधी त्यावर काय लिहिलं आहे ते पेरणाऱ्या बायांना आपल्या भाषेत सांगावं. पेरणी झाल्यावर ओटीत उरलेलं बी मालकानं परत घ्यावं, एक दाणाही कुणी घरी नेऊ नये. आणि त्याच्या बदल्यात मालकानं आपल्या घरून तेवढी स्वच्छ ज्वारी पेरणारीला द्यावी.

मला वाटलं होतं, तिसऱ्या गोष्टीला पाटील लोक नाही म्हणतील. कुणीच नाही म्हणालं नाही. आमचा पाटील तर सगळ्यांत आधी हो म्हणाला. "पोट्टं शिकलं त कामात आलं नं बाप्पा," तो म्हणाला आणि सगळे हसले. पुढे माझ्या लक्षात आलं की हायब्रीडचं बी महाग होतं आणि ते परत मिळणार होतं. पण त्या दिवशी मला फक्त आनंद झाला. ग्रामसेवकांनी ठराव लिहून घेतला. बाबा चावडीबाहेर उभे होते. ते घरापर्यंत माझ्या खांद्यावर हात ठेवून चालले. तसं त्यांनी आधी कधी केलं नव्हतं.

पेरणाऱ्या बायांपैकी सभेला कोणी नव्हतं. त्यांना बोलवावं असं मला सुचलंही नाही.

घरी माय भाकरी थापत होती. मी तिला सगळं सांगितलं.

"आन जवारी कोठी भेटन?" तिनं विचारलं.

"पाटलाच्या घरून. दारावर मोजून देतील."

तिचा हात थांबला. मग तिनं भाकर तव्यावर टाकली. "बरं," ती म्हणाली. मला ते पसंतीचं 'बरं' वाटलं.

त्यानंतर मी वस्तीत घरोघर गेलो. प्रत्येक घरात उंबऱ्यावर बसून सांगितलं की पेरणीच्या घुगऱ्या विष असतात, कितीही धुतल्या तरी विषच असतात, पोरांना त्यांच्याकडे फिरकू देऊ नका. भाचीचं उदाहरण देत होतो. माझा आवाज तेव्हा जरा मोठाच होता. मायच्या घुगऱ्यांबद्दल मी हे सांगत होतो, हे मला कळत होतं, पण त्या वेळी ते आड आलं नाही. एक पोर मरता मरता वाचलं होतं. त्यापुढे बाकी सगळं लहान होतं.

पुढच्या वर्षी पेरणीच्या वेळी मी घरी होतो. सकाळी पाटलाच्या मुलानं सगळ्या बायांना वावरात उभं करून पोत्यावरचा मजकूर मराठीत सांगितला. मी त्याला आधीच तो लिहून दिला होता. मला बरं वाटलं. दिवसभर पेरणी चालली. शेवटचं तास संपल्यावर सालदारानं धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पोतं अंथरलं आणि बाया एकेक करून त्यावर ओटी रिकामी करू लागल्या.

माझ्या मायची पाळी आली. तिनं ओटी सोडली, बी पोत्यावर ओतलं, पुन्हा खोचू लागली. पाटलाचा मुलगा म्हणाला, "झटका व बाई. घडीत राह्यते."

मायनं लुगड्याची घडी उलगडून झटकली. दोन-चार दाणे पडले. ते त्यानं दाखवले. "पाहा. हेच म्हंतो मी. ठराव हाय, माह्या मनचं नाई." मग बाकीच्या बायांनीही झटकलं. सालदार खाली पाहत होता. बाबा बैलांची जोती सोडत होते आणि त्यांना उगाच वेळ लागत होता. पाटलाच्या मुलाचं चुकलं असंही मला म्हणता येईना. एक दाणाही घरी जाऊ नये, हे माझेच शब्द होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटलीणबाईंचा निरोप घेऊन सालदार आला. "जवारी काढून ठेवली हाय. टोपलं घेऊन ये म्हंतलं."

माय अंगण झाडत होती. "राहू दे म्हना," ती म्हणाली.

"अवो, मोजून ठेवली हाय. नेत काहून नाई?"

"म्या टोपलं घेऊन कोनाच्या दारी जाणं सोडलं हाय. पाटलीणबाईले माहीत हाय ते."

सालदार गेला. मी खाटेवर बसून हे ऐकत होतो. वर्षभर मला जे दिसलं नव्हतं ते तेव्हा दिसलं. वावरातून स्वतः घेऊन येणं आणि दारात जाऊन उभं राहणं, यात माझ्या लेखी फक्त जागेचा फरक होता. मायच्या लेखी मधे तिचं सगळं आयुष्य होतं. ज्या दारांवर जाणं आमच्या लोकांनी धर्म बदलून बंद केलं, त्याच दारावर मी तिला सभेत उभा राहून, सगळ्यांचा होकार घेऊन, परत पाठवत होतो. आणि ती 'बरं' म्हणाली होती.

मी पाटलाकडे गेलो. तो ओसरीवर दाढी करत होता.

"काका, ज्वारी वावरातच द्याल का? धुऱ्यावर?"

त्यानं आरशातूनच माझ्याकडे पाहिलं. "ठराव कोनाचा?"

"माझाच."

"त्यात काय लिवलं? घरून द्यावी. मी नाई म्हंतलं काय? पडली हाय जवारी तठी. तुह्या मायले पाय नाई काय?"

"तसं नाही, काका..."

"मंग कसं हाय? सांग नं. शिकला तू."

त्याला समजावून सांगायचं म्हणजे त्याच्या दारात आमची माणसं कशी उभी राहत ते त्यालाच सांगायचं. आणि त्याला ते माहीत नव्हतं असंही नाही. मी तसाच परत आलो.

त्या वर्षी दोन बाया जाऊन ज्वारी घेऊन आल्या. त्यांची पोरं लहान होती, त्यांना ते करावंच लागलं. बाकीच्यांनी पोरांना पाठवलं. माय गेली नाही, आणि मी जाऊन आणतो म्हटलं तर म्हणाली, "तुले वाशीमले यासाठी पाठवलं काय?" आमच्या दारात त्या वर्षी घुगऱ्या शिजल्या नाहीत.

मी तिला म्हणालो, पुढच्या सभेत पुन्हा बोलतो, ठराव बदलून घेतो.

"नको," ती म्हणाली. रागावली नव्हती. "पयले आमाले इचारलं असतं त सांगतलं असतं. आता तू बोलू नको. आमचं आमी पाहू."

कॉलेजात परत गेल्यावर मला हे कुणाला सांगता येईना. एकदा आमच्या सरांनी वर्गात विचारलं की सुट्टीत कुणी गावासाठी काही केलं का. दोघा मित्रांनी माझ्याकडे पाहिलं, त्यांना ठरावाची गोष्ट माहीत होती. सरांनी ती ऐकली आणि माझं कौतुक केलं. म्हणाले, लहान मुलांच्या जिवाची काळजी अशी खालून सुरू झाली पाहिजे. मी उभा होतो आणि मला पाटलाच्या मुलाचा आवाज ऐकू येत होता. सरांचं चुकीचं नव्हतं. त्या ठरावानंतर आमच्या वस्तीत एकाही पोरानं ते बी खाल्लं नाही. तो ठराव व्हायलाच पाहिजे होता, असं मला आजही वाटतं. म्हणूनच हे ओझं कुठे उतरवावं ते कळत नाही. चूक केली असती तर माफी मागता आली असती.

त्याच्या पुढच्या पेरणीला मी घरी होतो. बाबांची पाठ धरली होती म्हणून बैलांपाशी मी उभा होतो. पाटलाच्या वावरातलं शेवटचं तास संपलं, सालदारानं पोतं अंथरलं, बायांनी ओट्या रिकाम्या केल्या, सांगायच्या आधीच झटकल्या. आणि घरी जायच्या ऐवजी सगळ्या धुऱ्यावर बसल्या.

पाटील बाभळीखालून उठून आला. "काय झालं व? उद्या नाल्यापलीकडचं वावर पेराचं हाय. जा नं घरी."

माय म्हणाली, "ओटी बाकी हाय."

"आता हायब्रेटची ओटी देऊ काय? पोट्ट्याइले मारतं काय?"

"हायब्रेट नको. घरची आना. इथी."

"घरी या न न्या. मी ना म्हंतो काय?"

"घरी येत नाई, पाटील. काम इथी केलं."

दुसरी एक बाई म्हणाली, "उद्याचं वावर मोठं हाय म्हंतात. पाटलीणबाईले सरता धरता येते काय व?" बाया पदर तोंडाला लावून हसल्या. पाटलालाही हसू आलं असावं, कारण त्यानं तोंड फिरवलं. मी बैलाच्या मानेवर हात ठेवून उभा होतो. मला कोणी काही विचारलं नाही, माझ्याकडे कोणी पाहिलंही नाही.

शेवटी त्यानं सालदाराला घरी पाठवलं. ज्वारी आली. पाटलानं स्वतः मापानं एकेकीच्या ओटीत घातली. मायच्या ओटीत घालताना म्हणाला, "घे. तुह्या पोट्ट्याचा कायदा आन तुही ओटी, दोनी सांभाळतो मी."

"सांभाळाच लागते," माय म्हणाली आणि गाठ मारून चालू लागली. वाटेत ती माझ्या पुढे होती. चाल भरभर होती. मला वाटलं, झालं. माझ्या हातून जे बिघडलं ते तिनं स्वतःच सरळ करून घेतलं.

सकाळी तिनं घुगऱ्या शिजवल्या. पांढऱ्याशुभ्र, गावरान ज्वारीच्या. मोठं मडकं भरून. उंबऱ्यात पळी घेऊन बसली. पोरांना हाक मारायची कधी गरज पडत नसे, म्हणून तिनं ती मारली नाही. उन्हं अंगणात आली तरी एकही पोर आलं नाही.

मी उठलो आणि घरोघर गेलो. शेजारच्या मावशीच्या दारात तिची दोन्ही पोरं बसलेली होती.

"मावशी, पोरांना पाठव. माय वाट पाहते."

"घुगऱ्या खायले? ना रे बाप्पा."

"या चांगल्या आहेत. घरची ज्वारी आहे, औषध नाही."

"तुनंच त सांगतलं होतं. याच उंबऱ्यावर बसून. पेरणीच्या घुगऱ्या म्हंजे विष, कितीक धुवा."

"तेव्हा त्या हायब्रीडच्या होत्या."

"आन पुढच्या सालच्या कायच्या राहीन? कोन सांगन मले? तू त वाशीमले राह्यते." ती चांगल्या मनानं विचारत होती. "पोट्ट्याइले आता इतकंच समजते का पेरणीच्या घुगऱ्या खायच्या नाई. त्याइले तेवढंच समजू दे."

तिचं बरोबर होतं. पोरांना पोत्यावरचा मजकूर वाचता येत नाही, बी कुठल्या टोपल्यातून आलं ते त्यांना कळत नाही. त्यांना एकच गोष्ट कळेल अशी मीच सांगितली होती आणि ती त्यांनी नीट लक्षात ठेवली होती. पुढच्या घरी एक म्हातारी म्हणाली, "आंधी बकरीले घालून पाहा." तिनं ते चेष्टेनं म्हटलं, पण मायच्या उंबऱ्यापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

माझी बहीण त्या दिवशी आमच्याकडेच होती. भाची आजीजवळ उभी होती, मडक्यात डोकावत. मायनं एक ताटली भरली. बहीण घरातून बाहेर आली, मुलीचा हात धरला आणि म्हणाली, "तिनं भाकर खाल्ली माय. पोट भरलं हाय तिचं." आणि तिला आत घेऊन गेली. भाकर तिनं खाल्ली नव्हती. मला माहीत होतं, मायला माहीत होतं.

ती भरलेली ताटली मायच्या हातात तशीच राहिली. मी जाऊन ती घेतली आणि अंगणाच्या मधोमध, जिथून सगळ्या दारांना दिसेल अशा जागी बसलो आणि खायला लागलो. मावशीची पोरं उंबऱ्यात उभी राहून पाहत होती. मी मोठमोठे घास घेत होतो. पहिली ताटली संपवली, दुसरी मागितली. घुगऱ्या गोड होत्या, नीट शिजलेल्या होत्या, तरी मी त्या पाण्याबरोबर ढकलत होतो.

तिसऱ्यांदा ताटली पुढे केली तेव्हा मायनं पळी मडक्यात ठेवली.

"पुरे," ती म्हणाली. "उपाशी असल्यावानी खाऊ नको. लोकाइले वाटन, तुले घरी खायले भेटत नाई."

मग तिनं स्वतःसाठी थोड्या घेतल्या आणि माझ्या शेजारी येऊन बसली. आम्ही दोघं खात राहिलो. मडकं अजून अर्ध्याहून जास्त भरलेलं होतं.